ताऱ्याच्या फलकावरचे नाव

जुलै उजाडला की पनवेलमध्ये पदग्रहण सोहळ्यांची गडबड सुरू होते. रोटरी असो वा लायन्स, जगभर या क्लबांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. नव्या अध्यक्षाचे फ्लेक्स नाक्यानाक्यावर लागतात, हॉलमध्ये हारतुरे होतात, मावळता अध्यक्ष वर्षभराच्या कामाचा अहवाल वाचतो आणि खाली उतरतो. मला या सगळ्यात ते खाली उतरणे आवडते. माणूस कितीही मोठा असला तरी एका वर्षात खुर्ची सोडतो. आपल्याकडच्या काही जमात कमिट्यांमध्ये एकच सेक्रेटरी वीस-वीस वर्षे हिशेबाची वही काखेत धरून बसलेला मी पाहिला आहे. त्यामुळे कुणी या क्लबांची टिंगल करू लागला, की हे फक्त फोटोपुरते असते असे म्हणू लागला, की मी त्याला आधी ही एक गोष्ट दाखवतो.

याच आठवड्यात आणखी एक तारीख येते. २ जुलै १९५० रोजी युसूफ मेहेरअली यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ४६ होते. पनवेलच्या माणसाला हे नाव डोळ्यांनी ओळखीचे आहे. गोवा महामार्गाने निघालो की पळस्पे फाटा, मग वासुदेव बळवंत फडक्यांचे शिरढोण, मग कर्नाळ्याची खिंड लागते. डाव्या-उजव्या बाजूचे जंगल संपून रस्ता पुन्हा मोकळा झाला की तारा गाव येते. तिथे ‘युसूफ मेहेरअली सेंटर’ असा फलक आहे. पेण-अलिबागकडे जाता-येता तो मी शेकडो वेळा वाचला असेल. बरीच वर्षे माझी समजूत अशी होती की हा कुणी दानशूर शेठ असावा, त्याने जमीन दिली असावी आणि म्हणून संस्थेला त्याचे नाव असावे. आमच्या मोहल्ल्यात विचारले तर आजही निम्मे लोक हेच सांगतील. उरलेले निम्मे सांगतील की तिथे साबण चांगला मिळतो.

मेहेरअलींचा ताऱ्याच्या जमिनीशी काही संबंध नव्हता. संस्था निघाली तेव्हा त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. मग हे नाव तिथे कसे आले, कोणी आणले आणि इतकी वर्षे कोणी सांभाळले, हा प्रश्न मला पडला. त्याच्या उत्तरात मला आपल्या, म्हणजे मराठी मुसलमानांच्या, कामाचे वाटणारे बरेच काही सापडले.

२३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईतल्या एका सधन खोजा व्यापारी घराण्यात युसूफ मेहेरअलींचा जन्म झाला. भरडा हायस्कूल, एल्फिन्स्टन कॉलेज आणि मग सरकारी लॉ कॉलेज असे त्यांचे शिक्षण झाले. घरात पैसा, हातात कायद्याची पदवी, म्हणजे पुढची वाट ठरलेली होती. पण विद्यार्थिदशेतल्या चळवळी सरकारच्या डोळ्यांत आल्या होत्या आणि त्यांना वकिलीची सनद नाकारण्यात आली. त्या काळात ही फार क्वचित घडणारी गोष्ट होती. पुढारी वकील होते आणि देशासाठी त्यांनी वकिली सोडली, अशी उदाहरणे आपण शाळेत पाठ केलेली असतात. मेहेरअलींच्या बाबतीत सोडण्याचा प्रश्नच आला नाही.

१९२८ मध्ये त्यांनी बॉम्बे युथ लीग उभी केली. आजच्या भाषेत सांगायचे तर तो तरुणांचा क्लबच होता. फरक असा की शहरातले यशस्वी लोक निवडून घेऊन तो बनला नव्हता. मुंबईत रोटरी क्लब १९२९ मध्ये सुरू झाला. लायन्स १९५६ मध्ये आले आणि भारतातला त्यांचा पहिला क्लबही मुंबईतच निघाला. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने रोटरी सुरू केली तेव्हा त्यामागची कल्पना साधी होती. वेगवेगळ्या धंद्यांतली माणसे आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमतील, ओळखी वाढतील आणि जमलोच आहोत तर गावासाठीही काही करतील. आधी माणूस आपल्या धंद्यात प्रतिष्ठित, मग सभासद आणि मग सेवक, असा तो क्रम आहे. तो वाईट नाही. पोलिओच्या कामात रोटरीने १९८५ पासून जगभर जो पैसा आणि जी माणसे लावली त्याचा फायदा आपल्या मोहल्ल्यांनाही झाला. लसीबद्दल नाही नाही त्या अफवा पसरल्या असताना दारोदार फिरलेल्या माणसांमुळेच २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. पण युथ लीगचा क्रम उलटा होता. तिथे आलेल्या पोराकडे ना धंदा होता ना प्रतिष्ठा. त्याच्याकडे संध्याकाळचा मोकळा वेळ होता आणि राग होता.

३ फेब्रुवारी १९२८, शुक्रवार. सायमन कमिशनचे सातही गोरे सदस्य बोटीने मुंबईत उतरणार होते. भारताच्या भवितव्यावर अहवाल लिहिणाऱ्या या कमिशनमध्ये एकही भारतीय नव्हता. बहिष्काराचा निर्णय काँग्रेसने घेतला होता, मुस्लीम लीगचा जिनांचा गटही बहिष्कारात होता. प्रत्यक्ष बंदरावर कोणी जायचे हा प्रश्न होता, कारण बॅलार्ड पिअरच्या मोल स्टेशनवर कडक बंदोबस्त होता. सांगितली जाणारी हकीकत अशी की समुद्रातच होड्या घेऊन गाठण्याचा बेत आधी ठरला होता, पण तो फुटला. मग मेहेरअली आणि त्यांचे सोबती हमालांच्या वेशात आत शिरले आणि सायमनसाहेबाला तोंडावर ऐकवले, ‘सायमन गो बॅक’. पोलिसांच्या लाठ्या पडल्या. ही घोषणा मेहेरअलींनी दिली. पुढच्या काही महिन्यांत कमिशन जिथे जिथे गेले तिथे तिथे ती आधीच पोचलेली होती. लाहोरला तिच्याच गजरात लाला लजपतरायांवर लाठीमार झाला.

हा प्रसंग घोषणेसाठी नेहमी सांगितला जातो. मला त्यातला हमालाचा वेश महत्त्वाचा वाटतो. चोवीस वर्षांचा, व्यापारी घराण्यातला, कायदा शिकलेला, संस्थेचा संस्थापक असलेला हा तरुण. त्याने पोरांना पाठवून दिले असते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांसाठी निवेदन काढले असते तरी कुणी नावे ठेवली नसती. डोक्याला मुंडासे बांधून तो स्वतः गेला. नेतृत्वावरच्या शिबिरांत आजकाल बरीच व्याख्याने होतात. सगळ्यात आधी कोण उठतो, सगळ्यात शेवटी कोण जेवतो आणि मार पडायची वेळ आली की कोण पुढे असतो, एवढे पाहिले तरी पुढारी ओळखता येतो, असे माझे मत आहे.

इथे थोडे मागे, मक्केला जातो. ‘हिल्फुल फुजूल’ची हकीकत आपण सीरतच्या बयानात ऐकलेली असते, पण ती सहसा घाईत सांगून टाकली जाते. पैगंबर मुहम्मद (स.) तेव्हा विशीतले तरुण होते, पैगंबरी अजून मिळालेली नव्हती. येमेनमधल्या झबीदचा एक व्यापारी मक्केत माल घेऊन आला. आस बिन वाइल नावाच्या बड्या आसामीने माल घेतला आणि पैसे द्यायला नकार दिला. परक्या माणसाच्या पाठीशी कबिला नाही, मग दाद कोणाकडे मागणार? तो अबू कुबैसच्या टेकडीवर चढला आणि तिथून ओरडून त्याने मक्केवाल्यांना आपले गाऱ्हाणे ऐकवले. तेव्हा काही घराण्यांची माणसे अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी जमली, जेवण झाले आणि करार झाला की मक्केत कुणावरही अन्याय झाला, मग तो गावचा असो वा बाहेरचा, तर आपण सगळे मिळून त्याच्या बाजूने उभे राहू. मग ते आस बिन वाइलकडे गेले आणि त्या व्यापाऱ्याचा माल सोडवून दिला. पैगंबर साहेब त्या बैठकीत होते. पुढे इस्लाम आल्यावरही ते या कराराची आठवण अभिमानाने काढत, आणि आजही त्या नावाने कोणी हाक दिली तर मी जाईन, असे त्यांनी सांगितल्याचे सीरतमध्ये आहे.

त्या करारातली माणसे मुसलमान नव्हती, कारण मुसलमान व्हायला अजून काळ होता. ज्याच्यासाठी ती जमली तो त्यांच्या कबिल्याचा नव्हता. तरीही पैगंबरांनी त्या कामाला आपले मानले. खिदमत आपल्यांपुरती की सगळ्यांसाठी, हा वाद आपल्याकडे दर रमजानमध्ये निघतो. जकातीचे नियम वेगळे आहेत, त्यांची सरमिसळ मी करत नाही. पण गावाच्या कामात, पुरात, दवाखान्यात, शाळेत कुणासोबत उभे राहायचे याचा दाखला सीरतमध्येच आहे.

मेहेरअली हे धर्माची वचने देऊन काम करणारे नव्हते. ते समाजवादी होते. मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले, नंतरही जात राहिले. तिशीच्या दशकात नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, ना. ग. गोरे अशी तरुण मंडळी एकत्र आली आणि तिथल्या चर्चांतून १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला. मेहेरअली त्याच्या संस्थापकांपैकी एक. १९३८ मध्ये अमेरिकेत जागतिक युवक परिषद भरली तेव्हा भारतीय तरुणांचे शिष्टमंडळ घेऊन ते गेले. तिथे त्यांना दिसले की इतर देशांची मुले आपल्या देशाबद्दलच्या छोट्या छोट्या पुस्तिका वाटत आहेत आणि भारताबद्दल द्यायला आपल्याकडे काहीच नाही. परत आल्यावर त्यांनी पुस्तिका लिहायला घेतल्या, आणि त्यातूनच पुढे पद्मा पब्लिकेशन्स ही प्रकाशनसंस्था उभी राहिली. काय कमी आहे ते पाहायचे आणि ते स्वतः करायला लागायचे, ही त्यांची सवयच दिसते. त्यांची विनोदबुद्धीही दाद देण्यासारखी होती. लाहोरच्या तुरुंगवासावर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९४३ मध्ये आले. त्याचे नाव होते ‘अ ट्रिप टू पाकिस्तान’, म्हणजे पाकिस्तानची सहल. पाकिस्तान तेव्हा फक्त ठरावात होता.

लाहोरच्या तुरुंगात असतानाच त्यांचे नाव मुंबईच्या महापौरपदासाठी पुढे आले. १९४२ च्या एप्रिलमध्ये ते महापौर झाले. त्या वेळेपर्यंतच्या महापौरांत सर्वांत तरुण. तो एप्रिल कसा होता हे लक्षात घ्यायला हवे. मार्चमध्ये रंगून पडले होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जपानी विमानांनी कोलंबोवर आणि लगेच विशाखापट्टणम, काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. किनाऱ्यावरच्या प्रत्येक शहराला पुढची पाळी आपलीच वाटत होती. हवाई हल्ल्यापासून बचावाचे खाते प्रांतिक सरकारच्या हातात होते. महापालिकेने पैसे द्यावेत, पण कारभारात तिचा शब्द चालणार नाही, असा सरकारचा हिशेब होता. मेहेरअलींनी हे मान्य केले नाही. ज्यांचा शहराच्या राखणीत काही अधिकार नाही त्यांनी फक्त वर्गणी का भरायची, हा त्यांचा सवाल होता. पण नुसता नकार देऊन ते थांबले नाहीत. बॉम्ब पडले आणि सरकारी यंत्रणा कोलमडली तर काय, याचा विचार करून त्यांनी नागरिकांचे स्वयंसेवक दल उभे करायला घेतले. ‘पीपल्स व्हॉलंटिअर ब्रिगेड’ हे त्याचे नाव. शहराचा पहिला नागरिक पुन्हा पोरांना घेऊन कवायतीला उभा होता.

सेवा आणि हक्क या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या खणांत ठेवतो. सेवाभावी संस्था म्हटली की ती राजकारणात पडत नाही, सरकारला प्रश्न विचारत नाही, असा अलिखित नियम आहे. रक्तदान करा, वह्या वाटा, पण सरकारी दवाखान्यात डॉक्टर का नाही हे विचारू नका. महापौर मेहेरअलींच्या त्या चार महिन्यांत हे दोन्ही एकत्र दिसते. सरकारशी भांडणही चालू आणि लोकांच्या राखणीची तयारीही चालू. मुस्लीम वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे पान विशेष वाचावे असे मला वाटते, कारण आपल्याकडे भांडणारे एकीकडे आणि वाटप करणारे दुसरीकडे अशी फाळणी केव्हाच झाली आहे. भांडणाऱ्याला वस्तीतल्या म्हातारीचे रेशनकार्ड ठाऊक नसते. वाटप करणाऱ्याला ते कार्ड रद्द का झाले हे विचारायची हिंमत नसते.

चारच महिने म्हटले, कारण पुढे ऑगस्ट आला. ‘क्विट इंडिया’ हे शब्द गांधीजींसमोर ठेवण्याचे श्रेयही मेहेरअलींनाच दिले जाते, आणि पद्मा पब्लिकेशन्सने त्याच नावाची पुस्तिका काढली होती. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ठराव झाला, ९ ऑगस्टला ते आत. तुरुंगात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. उपचारांसाठी सेंट जॉर्ज रुग्णालयात हलवण्याची तयारी सरकारने दाखवली. मेहेरअलींनी सांगितले, माझ्यासोबतचे आणखी दोन कैदी आजारी आहेत, त्यांनाही न्या. सरकारने नकार दिला आणि हे गेले नाहीत. १९४३ मध्ये सुटले तेव्हा तब्येत कायमची खालावली होती. त्यानंतर जेमतेम सात वर्षे मिळाली.

त्या सात वर्षांत त्यांच्या वाट्याला यश फारसे आले नाही, हेही लिहायला हवे. ज्या एकत्र देशासाठी ते उभे होते त्याची फाळणी झाली. १९४८ मध्ये समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले. ज्या समाजात ते जन्मले त्यातल्या बहुतेकांनी १९४६ च्या निवडणुकीत मुस्लीम लीगला मते दिली होती. ११ जून १९५० रोजी साने गुरुजी गेले आणि तीन आठवड्यांनी मेहेरअली गेले. समाजवादी चळवळीची दोन सर्वांत निर्मळ माणसे एकाच पावसाळ्यात गेली. मेहेरअलींच्या जाण्याने मुंबईतल्या बसगाड्या, ट्राम काही वेळ थांबल्या होत्या. गिरण्या आणि दुकानेही.

आता ताऱ्याकडे येतो. १९४२ च्या त्या ऑगस्टमध्ये गवालिया टँकच्या गर्दीत सेंट झेवियर्स कॉलेजचा एक सतरा वर्षांचा गुजराती विद्यार्थी होता. गुणवंतराय पारीख त्याचे नाव. पुढे सगळे त्यांना ‘जी. जी.’ म्हणू लागले. त्यांनाही अटक झाली आणि दहा महिने तुरुंगात काढावे लागले. बाहेर येऊन ते डॉक्टर झाले, मुंबईत दवाखाना घातला, समाजवादी चळवळीत राहिले, ‘जनता’ हे इंग्रजी साप्ताहिक चालवले. आणीबाणीत पुन्हा तुरुंग झाला, त्यांच्या पत्नी मंगलाताईंनाही. या जी. जीं.च्या पुढाकाराने समाजवादी मित्रांनी १९६१ मध्ये युसूफ मेहेरअली सेंटर सुरू केले आणि साठच्या दशकातच काम पनवेल तालुक्यात, ताऱ्याला नेले.

आजची पनवेल डोळ्यांसमोर असलेल्यांना तेव्हाचा हा भाग कळणे अवघड आहे. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, त्याआधी नवी मुंबई हा शब्दच नव्हता. भाताची एकपिकी शेती, मिठागरे, आणि डोंगराच्या कडेला कातकरी-ठाकरांच्या वाड्या. कातकरी कुटुंबे पाऊस संपला की कोळसाभट्टीवर नाहीतर वीटभट्टीवर जात आणि मुले सोबत जात, म्हणजे शाळा सुटलीच. या भागात मुंबईच्या डॉक्टरांनी येऊन आधी दवाखाना सुरू केला. मग रुग्णालय, शाळा, आदिवासी मुलींचे वसतिगृह, तेलघाणी, साबण, कुंभारकाम, सुतारकाम अशी एकेक भर पडत गेली. मुंबईतला स्वतःचा दवाखाना सांभाळून सुटीचे दिवस ताऱ्याला द्यायचे, हा जी. जीं.चा परिपाठ वय नव्वदीकडे झुकले तरी सुटला नाही. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर संस्था तिकडेही गेली आणि भद्रेश्वरला केंद्र उभे राहिले. भूकंपग्रस्तांना मदत वाटून ट्रक परत आणता आले असते. हे लोक तिथे राहिले.

खादी आणि तेलघाणी यांनी खेड्याचे अर्थकारण पालटेल असे मला वाटत नाही. शेजारी विमानतळ झाला आहे, गुंठ्याचा भाव ऐकून डोके गरगरते, अशा जागी मातीच्या भांड्यांचा उद्योग हा काहीसा हट्ट वाटतो. पण दवाखान्याबद्दल आणि मुलींच्या वसतिगृहाबद्दल मला अशी शंका नाही.

मला या इतिहासात खिळवून ठेवते ती एक साधी गोष्ट. रायगड जिल्ह्यातल्या एका खेड्यात, महामार्गाच्या कडेला, एका मुसलमानाचे नाव साठ वर्षे सांभाळले गेले आणि ते सांभाळणाऱ्यांत बहुतेक मुसलमान नव्हते. दंगलींची वर्षे आली, ९२-९३ आले, नावे बदलण्याचा हंगाम आला. फलक तसाच राहिला. कुणी नाव ‘सोयीचे’ करून घेण्याची गरज त्यांना वाटली नाही. आणि त्याच काळात पनवेल, उरण, पेणच्या आपल्या मोहल्ल्यांत या माणसाच्या नावाने एखादे वाचनालय, एखादी स्पर्धा, एखादा चौक असावा असे आपल्यालाही वाटले नाही.

का वाटले नाही, याची दोन कारणे मला दिसतात. एक म्हणजे ‘राष्ट्रवादी मुसलमान’ हे लेबल. हे दोन शब्द मला नेहमी खटकतात, कारण त्यात बाकीच्यांबद्दलची शंका दडलेली असते. मेहेरअली, अब्दुल गफ्फार खान, मौलाना आझाद यांची नावे दाखल्यासारखी आपल्या तोंडावर फेकली गेली, आणि आपण वैतागून त्या माणसांकडेच पाठ फिरवली. यात त्यांचा काय दोष? गफ्फार खानांनी १९२९ मध्ये काढलेल्या संघटनेचे नाव खुदाई खिदमतगार होते, म्हणजे अल्लाहचे सेवक. कोणाच्या प्रमाणपत्रासाठी त्यांनी ते नाव घेतले नव्हते. दुसरे कारण असे की मेहेरअलींनी ‘समाजासाठी’ काय केले, असे आपण विचारतो आणि समाज म्हणजे फक्त आपण असे धरून चालतो. त्या हिशेबात सायमनला हाकलणे बसत नाही, मुंबईच्या राखणीचे दल बसत नाही, ताऱ्याचा दवाखाना तर मुळीच बसत नाही. पण त्या दवाखान्याच्या रांगेत आजूबाजूच्या गावांतल्या मुसलमान बायकाही उभ्या राहिल्या आहेत. त्यांना कुणी जमात विचारली नाही.

आपल्याकडे स्वयंसेवक नाहीत असे कुणी म्हणू नये. कोकणातल्या कुठल्याही गावात मय्यत झाली की कबर खणायला पोरे बोलवावी लागत नाहीत, ती कुदळी घेऊन आलेली असतात. डेगी, चटया, जनाजा, पाण्याची सोय, सगळे जमातीचे असते आणि त्यामागे परदेशात, जहाजांवर राबणाऱ्यांचा पैसा असतो. कोरोनात मुंबईत मुसलमान तरुणांच्या गटांनी आपल्यांचे दफन केलेच, शिवाय ज्यांच्याजवळ कुणी फिरकत नव्हते अशा हिंदू मृतांवर त्यांच्या रीतीने अंत्यसंस्कारही केले. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा घराघरांतला गाळ उपसणाऱ्यांत मशिदींतून निघालेली पोरे होती. हात भरपूर आहेत. अडते ते पुढे. हीच पोरे तिशीत पोचतात तेव्हा त्यांना कमिटीत कोणी घेत नाही. घेतले तर खुर्च्या उचलायला घेतात, हिशेब बघायला नाही.

मी स्वतः एका कमिटीत काही वर्षे होतो, गाव सांगत नाही. रक्तदान शिबिर ठरले होते. दोन तासांच्या बैठकीतला दीड तास बॅनरवर कुणाचा फोटो किती मोठा यावर गेला. शेवटी अकरा फोटोंचा बॅनर झाला. शिबिराच्या दिवशी त्या अकरांपैकी तिघांनी रक्त दिले. संध्याकाळी मंडप आवरायला चार पोरे होती आणि त्यांच्यापैकी एकाचाही फोटो बॅनरवर नव्हता. मी त्या दिवशी काही बोललो नाही. त्यातल्या एका पोराने पुढच्या वर्षी येणे सोडले, तेव्हा कुठे मला आपली चूक कळली. बोलायला हवे होते.

रोटरीसारखे दर वर्षी खुर्ची रिकामी करण्याचा नियम आपल्या कमिट्यांना लागू केला तर काही बिघडणार नाही, असे मला वाटते. आणि युथ लीगसारखे, आधी काम आणि मग पद, हा क्रम धरला तर त्या पोराला परत बोलावता येईल. यासाठी कुठल्या फतव्याची गरज नाही, घटनेत एक ओळ बदलावी लागेल.

जी. जी. पारीख २ ऑक्टोबर २०२५ ला, वयाच्या शंभराव्या वर्षी गेले. गांधीजयंतीच्या दिवशी. आता ताऱ्याचे काम पुढच्या पिढीकडे आहे, आणि मनुष्यबळाची ओढाताण अशा प्रत्येक संस्थेत असते तशी तिथेही असणारच. येत्या २ जुलैला आम्ही मोहल्ल्यातली सात-आठ माणसे तिथे जाणार आहोत. हार-तुरे, भाषण असे काही नाही. रुग्णालय बघायचे, वसतिगृह बघायचे आणि आमच्यातल्या कुणाचा, शिक्षकाचा, फार्मसीवाल्याचा, अकाउंट लिहिणाऱ्याचा, महिन्यातून एक दिवस तिथे उपयोग होईल का हे विचारून यायचे. सकाळी साडेआठला पनवेल एसटी स्थानकावर जमू, पेणकडे जाणारी गाडी धरू. ज्याला यायचे त्याने यावे, मुसलमान असण्याची अट नाही. पाऊस असेल, छत्री आणावी.